विनोदाची दुरुस्ती

ताई, तुझ्या निधनाच्या बातमीत मी तुला भूगोलाची शिक्षिका केलं.

बातमी मीच लिहिली, मीच तपासली आणि पानात मीच लावली. डेस्कवरचा एक जण म्हणालाही होता, सर, मी एकदा वाचून घेऊ का? मी त्याला म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे, तिची बातमी तू तपासणार? बिचारा मान खाली घालून बसला. उपसंपादक म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यामुळे आपल्या चुका काढायलाही कुणीतरी लागतं हे मला कधी पटलंच नाही. ते कुणीतरी म्हणजे तू होतीस. आणि नेमकी त्याच दिवशी तू नव्हतीस.

सकाळपासून फोन सुरू झाले. सगळे तुझे विद्यार्थी. कुणी प्रेसमध्ये नोटा छापतो, कुणी नाशिक रोड स्टेशनवर तिकिटं देतो, एकीचं स्वतःचं क्लिनिक आहे. आधी म्हणायचे, फार वाईट झालं. मग जरा थांबून, अगदी अदबीनं, ‘सर, पण बाईंचा विषय विज्ञान होता ना?’ एकानं तर विचारलं, ‘बाई भूगोल शिकवायच्या, हे तुम्हाला कसं कळलं?’ तो टोमणा मारत नव्हता गं. सवयीनं विचारून गेला. सवय तूच लावलेली.

खरं कारण सांगू? आपण दोघं वर्षानुवर्षं हवामानावर भांडलो. त्यामुळे माझ्या डोक्यात तुझ्या नावापुढे हवामान बसलं, आणि हवामानापुढे भूगोल. इतकी वर्षं तुझ्याशी वाद घातला, पण तू शिकवतेस काय, ते कधी नीट ऐकून घेतलं नाही. दाजींनी पेपर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘राहू दे. तिला भूगोलही येत होता.’ माझ्यावर कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

तुझा तो प्रश्न पहिल्यांदा माझ्याच वाट्याला आला होता, देवळ्याला, आपल्या गावी. मी पाचवीत असेन. मास्तरांनी गारपिटीवर निबंध लिहायला सांगितलेला. मी ठोकून दिलं, आमच्या अंगणात कांद्याएवढ्या गारा पडल्या. तू निबंध वाचलास आणि विचारलंस, हे तुला कसं कळलं? म्हटलं, पाहिलं ना मी. मग तू कांदाचाळीतून एक कांदा आणलास, अंगणात ठेवलास आणि म्हणालीस, एवढी? मी म्हटलं, जरा लहान. तू लहान कांदा ठेवलास. एवढी? असं करत करत आपण बोरापर्यंत खाली आलो. मी रडलो. आई तुलाच रागावली, लहान आहे तो, कशाला त्याच्या मागे लागतेस? तू निबंधात कांदा खोडून बोर लिहिलंस आणि मला गूळ दिलास. मास्तरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला नाही. बोराएवढ्या गारांचं कुणाला काय कौतुक? त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकलो. एक, ताईला वाचायला द्यायचं नाही. दुसरी, कांदाच बरा. याच शिदोरीवर पुढे पेपरात नोकरी केली.

तू शाळेत शनिवारचा पेपरचा तास सुरू केलास तेव्हा मी खूश झालो होतो. मला वाटलं, बहिणीच्या कृपेनं आपला खप वाढणार. मुलांनी घरी येणाऱ्या पेपरातून हवामानाची कात्रणं आणायची, मोबाइलवर फिरणारे मेसेज कागदावर उतरवून आणायचे आणि वर्गात प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा. हे याला कसं कळलं? कुणी मोजलं? कुठे मोजलं? एका गावात की सगळीकडे? पोरं घरीही तसंच विचारायला लागली. एका पालकाची तक्रार तूच हसत हसत सांगितली होतीस. तो जेवताना म्हणाला, यंदासारखं ऊन कधीच पडलं नव्हतं. पोरगी म्हणाली, पप्पा, कधीच म्हणजे कधीपासून?

तू मला एकदा त्या तासाला बोलावलंस. पाहुणे पत्रकार म्हणून. मी उशिरा पोचलो, अर्थातच. दारात पाऊल टाकलं तर सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले, दोनदा मान लववली. मग फळ्याकडे लक्ष गेलं. मला यायला उशीर होतोय म्हटल्यावर तू तेवढ्यात माझ्यावरच धडा घेतला होतास. मागच्या दिवाळीला मामा कधी आले, बारशाला कधी आले, स्टेशनवर आणायला कधी आले, ते सगळं फळ्यावर मांडून मुलांकडून अंदाज काढून घेतलास. टाळ्या माझ्यासाठी नव्हत्याच, अंदाज बरोबर आला म्हणून होत्या. आणि मला उभं करून तू मुलांना म्हणालीस, ‘समजा, उद्या हे वेळेवर आले. तर ती एका दिवसाची हवा. यांची वर्षानुवर्षांची जी रीत आहे, ते हवामान. थंडीचा एक दिवस पाहून पृथ्वी तापत नाही म्हणणारा माणूस आणि हे एकदा वेळेवर आले म्हणून यांच्यावर भरवसा ठेवणारा माणूस, दोघं सारखेच.’

पोरं खिदळली. मीही हसलो, मोठ्यानं. उपमा फार आवडली मला. तिचा अर्थ मात्र तेव्हा कानावरून गेला.

मग तू मला गोधडीत गुंडाळलंस. आईनं शिवलेली, निळ्या काठाची. मार्च महिना, पत्र्याचं छप्पर, आणि मी वर्गापुढे खुर्चीवर गोधडी पांघरून बसलेला. त्याआधी तू रिकाम्या गोधडीत थर्मामीटर ठेवून दाखवलास. पारा वर्गातल्या हवेइतकाच. मग माझ्याजवळ ठेवलास. चढला. ‘म्हणजे गरम कोण, गोधडी की मामा?’ पोरं ओरडली, मामा! तू म्हणालीस, गोधडी ऊब तयार करत नाही, बाहेर जाणारी धरून ठेवते. पृथ्वीभोवती कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ यांची अशीच गोधडी आहे. ती नसती तर आपण गोठलो असतो, म्हणजे गोधडी वाईट नाही. पण आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो, आणि दरवर्षी तिला आणखी एक अस्तर लावतो. मग एका मुलाला तू दुसरी गोधडी घेऊन पाठवलंस आणि माझ्यावर टाकायला लावलीस. मी घामानं निथळत होतो. तू मला विचारलंस, काढू? मी म्हटलं, काढ. तू मुलांकडे वळलीस आणि म्हणालीस, मामांची निघेल. ती निघायला फार वेळ लागतो.

एवढं सगळं मी अंगावर घेतलेलं, ताई. शब्दशः अंगावर. आणि तरीही.

तुझ्या पोरांनी आमच्या थंडीच्या फोटोची चोरी पकडली, ती त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. निफाडकडे पारा उतरला की आमच्याकडे एक फोटो ठरलेला. द्राक्षबागेच्या कडेला शेकोटी, शेकोटीजवळ कानटोपीतले एक आजोबा आणि पायाशी वेटोळं करून झोपलेलं कुत्रं. छायाचित्रकाराला पहाटे कोण उठवणार? म्हणून आम्ही दरवर्षी तोच लावायचो. तुझ्या वर्गानं जुनी कात्रणं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांना दिसलं, की वर्ष बदलतं, पण कुत्रं कूस बदलत नाही. त्यातल्या एका मुलीचं आजोळ निफाड तालुक्यातलं. ती म्हणाली, हे तर आमच्या शेजारचे आबा. दुसऱ्या दिवशी आबांच्या मुलाचा मला ऑफिसात फोन. ‘साहेब, आमचे आबा वारून वर्ष होत आलं. अन् तुमच्या पेपरात ते अजून शेकत बसेल हे.’

मी त्यांची माफी मागितली. तुझ्या वर्गालाही शब्द दिला, की हा फोटो पुन्हा लागणार नाही. पुढच्या हिवाळ्यात मी तो लावला. आबांना कापून. कुत्रं तेवढं ठेवलं.

तू फोन केलास. मला वाटलं, आता हसशील. तू म्हणालीस, ‘गेलेला माणूस कापून टाकलास आणि चूक ठेवलीस.’ मी म्हटलं, ताई, कुत्रं तरी जिवंत असेल. तेव्हा मात्र हसलीस. मी सुटलो. मला नेहमी तेवढंच लागायचं. तू हसलीस की मी सुटलो.

आता त्या लेखाचं. इथवर गोष्टी सांगत सांगत आलो ते त्याला बगल देतच आलो, हे तुला पहिल्या परिच्छेदातच कळलं असेल.

त्या वर्षी थंडी खरोखर कडाक्याची होती. माझ्या रविवारच्या सदराला विषय नव्हता. आदल्या दिवशी तुझ्या शाळेजवळून चाललो होतो, खिडकीतून तू दिसलीस, शाल पांघरून शिकवत होतीस. झालं. मी लिहिलं, पृथ्वी तापतेय म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांना आठवडाभर निफाडला मुक्कामी पाठवा, स्वेटर आम्ही देऊ. इथवरही ठीक होतं. पुढे लिहिलं, की आमच्याच घरातल्या एक बाई मुलांना जागतिक तापमानवाढ शिकवतात, पण अंगावर दोन शाली घेतल्याशिवाय त्यांच्या तोंडून ‘ता’ निघत नाही. शाल एकच होती. दुसरी मी घातली. आणि जी होती, ती मीच भाऊबीजेला दिलेली.

लोक फार हसले. इतके फोन मला कधीच आले नव्हते. कुणीतरी त्या मजकुराचा फोटो काढून तुझ्या नावासकट मोबाइलवर फिरवला. तेही मला कौतुकच वाटलं.

तू दुपारी घरी आलीस. पेपर हातात. मी चहा ठेवायला उठलो तर म्हणालीस, बस. तू चिडलेली नव्हतीस. चिडली असतीस तर मी तुला हसवलं असतं. तू म्हणालीस, ‘माझी थट्टा कर, लहानपणापासून करतोस. पण माझी पोरं हे वाचतात. एका दिवसाच्या थंडीनं तापमानवाढ खोटी ठरते असं तू लिहिलंस, ते चूक आहे, तुला माहीत आहे की ते चूक आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छाप.’

मी म्हटलं, ‘ताई, विनोदाची दुरुस्ती छापत नाहीत.’

‘मग कशाची छापतात?’

‘बातमीची. नाव चुकलं, वार चुकला, तर.’

तू म्हणालीस, ‘म्हणजे खोटं सांगायचं असेल तर विनोदातून सांगावं.’ मी त्यावरही काहीतरी कोटी केली. काय केली, आठवत नाही. तू हसली नाहीस, एवढं आठवतं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि मी पहिल्या पानावर मोठ्या टायपात मथळा दिला, तापमानवाढीचा नाशिकला तडाखा. तुझा फोन आला, की एका पावसावरून हेही सिद्ध होत नाही, असे पाऊस वाढताहेत का ते बघावं लागतं, जाणकाराला विचारलंस का? मी वैतागलो. म्हटलं, अगं, आता तर तुझ्या बाजूनं छापलं ना. तू म्हणालीस, ‘माझी बाजू कुठली? तू हिवाळ्यात नास्तिक असतोस आणि उन्हाळ्यात भक्त. दोन्ही वेळेला देव बघितलेला नसतो.’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘ती दुरुस्ती राहिलीय.’

मग ते आपलं नेहमीचंच झालं. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना, दुरुस्ती राहिलीय. माझ्या घरभरणीला ओटी घेताना, दुरुस्ती राहिलीय. मी बायकोला म्हणायचो, ताईनं हे चिडवायला धरलंय. बायको म्हणायची, ती चिडवत नाहीये. मला पटायचं नाही. आपल्याला जे येतं तेच समोरच्याला येतं असं वाटतं माणसाला.

तुझा शनिवारचा तास बंद झाल्याचं मला उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कळलं. मी विचारलं, काय गं, पोरं कंटाळली का कात्रणं कापून? तू म्हणालीस, असंच. पुढे निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी तू तोच तास पुन्हा सुरू केलास. स्कूटर बाजूला सारायच्या, खुर्च्या मांडायच्या, आसपासची पाच-पंचवीस पोरं. नेमका माझं सदर यायच्या दिवशी. मी पैज लावून सांगायचो, माझ्यावरच नेम धरून बसलेली असते. ‘ये एकदा,’ तू म्हणायचीस. ‘ये आणि मुलांसमोर सांग, की माझं चुकलं होतं. छापू नकोस वाटल्यास.’ मी येतो येतो म्हणायचो. मुक्ता, तुझी लेक, तेव्हा खुर्च्या मांडत असायची. ती माझ्याकडे बघायचीही नाही. मला वाटायचं, आजकालच्या मुली, मोबाइलमध्ये असतील.

एकदा मी दुरुस्ती लिहायला बसलोही होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. खरंच बसलो. चार ओळी झाल्या. वाचून बघितल्या तर त्यात एकही गंमत नव्हती. नुसता एक माणूस, माझं चुकलं म्हणत उभा. मला तो ओळखीचा वाटेना. पुसून टाकल्या.

हॉस्पिटलात तुला भेटायला आलो त्या दिवशी तुझ्या उशाशी आमचाच पेपर होता. गारपिटीची बातमी होती आणि गारा लिंबाएवढ्या होत्या. तू बोट ठेवलंस आणि फार हळू म्हणालीस, ‘कांद्यावरून लिंबावर आलास. प्रगती आहे.’ मी हसलो. मग म्हणालीस, ‘यंदा तरी छापशील?’ मी म्हटलं, तू आधी घरी ये, मग बघू. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मी हळूच निघालो. बाहेर दाजी भेटले, त्यांना म्हटलं, आज बरी दिसतेय, चेष्टा करत होती. तुझ्या त्या प्रश्नाला मी चेष्टाच समजलो, ताई. शेवटच्या.

तू गेल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुझ्या शाळेचे जुने मुख्याध्यापक भेटायला आले. आता खूप थकलेत. शेजारच्यांनी चहा आणून दिला होता. ते तुझ्याबद्दल भरभरून बोलले, गोधडीचा प्रयोग त्यांना अजून आठवत होता. मी आपला भाऊ म्हणून मान डोलावत बसलेलो. मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं म्हणाले, ‘तुमचा तो लेख, दोन शालींचा. काय हसलो होतो आम्ही स्टाफरूममध्ये. पण नंतर पालकांनी तो धरूनच ठेवला हो. म्हणाले, बाईंच्या घरच्यांनाच पटत नाही ते आमच्या मुलांना कशाला शिकवता? संस्थेतूनही विचारणा झाली. शेवटी तो शनिवारचा तास बंद करावा लागला. बाईंनी एका शब्दानं वाद घातला नाही.’

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवू की तोंडाला लावू, ते मला कळेना. मुख्याध्यापक बशीत चहा ओतून पीत होते. त्यांना वाटलं असणार, मला माहीतच आहे. सगळ्यांना माहीत असतं ते भावाला माहीत नसेल, असं कुणाला वाटेल?

ते गेल्यावर मी मुक्ताला स्वयंपाकघरात गाठलं. विचारलं, तुला माहीत होतं? ती भांडी विसळत होती. म्हणाली, ‘हो.’

‘मग मला का नाही सांगितलं कुणी?’

‘मी सांगणार होते. आईनं नाही सांगू दिलं.’ नळ बंद केला तिनं. ‘ती म्हणाली, त्याला सांगितलंस तर तो त्यावरही लिहील.’

तुला माझी किती अचूक ओळख होती. तुझं दुखणं माझ्यापाशी ठेवण्यासारखं नव्हतं. मी त्याचं सदर केलं असतं. विनोदी केलं असतं. आणि तू वाचून, माझी जिरावी म्हणून नाही, मला बरं वाटावं म्हणून हसली असतीस. तेवढं तुला पुन्हा करायचं नव्हतं. उगाच का तू ‘असंच’ म्हणालीस त्या दिवशी. आणि मी विचारलं होतं, पोरं कंटाळली का.

आणि हे बघ, लिहितोच आहे.

पण आधी तू मागितलेलं ते केलं, हे सांगायला लिहितोय. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो आणि दोन दुरुस्त्या लिहिल्या. एक तुझ्या विषयाची. दुसरी त्या लेखाची. आमचा संपादक माझ्या निम्म्या वयाचा आहे. पहिली त्यानं लगेच छापायला सोडली. दुसरी वाचून म्हणाला, सर, एवढ्या जुन्या लेखाची दुरुस्ती? मागितली कुणी?

‘माझ्या बहिणीनं.’

‘पण त्या तर...’

‘हो.’

त्यानं दुसरीलाही रविवारी जागा दिली. मी मात्र या वेळी शहाणपणा केला. छापण्याआधी मजकूर मुक्ताला दाखवायला घेऊन गेलो. दुसऱ्याला वाचायला द्यायचं, एवढं तरी या वयात शिकावं. माझा मजकूर बराच लांब होता. सुरुवातीला निफाडचं कुत्रं होतं, मध्ये घामाघूम मामा होता, शेवटी एक बरी कोटी होती. मुक्तानं पेन घेतलं आणि कुत्रं काढलं. मामा काढला. कोटीवर जरा थांबली, माझ्याकडे बघितलं, तीही काढली. मी लिहिलं होतं, ‘वायूंची गोधडी पृथ्वीला तापवते’. तिथे तिनं ‘तापवते’ खोडलं आणि ‘पृथ्वीची उष्णता धरून ठेवते’ असं लिहिलं. म्हणाली, ‘मामा, तू स्वतः गोधडीत बसला होतास ना?’

उरल्या चार ओळी. वायूंची गोधडी पृथ्वीची उष्णता धरून ठेवते, आणि एका थंडीच्या लाटेवरून तापमानवाढ खोटी ठरत नाही. तशी ती ठरते असं या सदरात लिहिलं होतं, ते चूक होतं आणि लेखकाला ते माहीत होतं. संबंधित शिक्षिकेच्या अंगावर एकच शाल होती. त्या बरोबर शिकवत होत्या. पुसून टाकलेल्या त्या चार ओळींसारख्याच दिसत होत्या. तोच माणूस, गंमत नसलेला. या वेळी मी त्याला उभं राहू दिलं.

रविवारी छापून आली. पाचव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली. मला वाटलं होतं, निदान एखादा फोन येईल. एकही आला नाही. दोन शालींना एवढे फोन आले होते, एका शालीला कुणी विचारलं नाही.

त्याच सकाळी तुझ्या पार्किंगमध्ये मुलं येणार होती. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं, म्हणून ती येणारच होती, आणि मुक्तानं त्यांना माघारी पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. मला तिनं बोलावलं नव्हतं. मी गेलो. मुलांसमोर उभं राहून बोलायचं ते बोलायला. गजर लावून उठलो, रिक्षा केली, वाटेत कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये एकही पोर नव्हतं. मुक्ता एकटी स्कूटर सारत होती. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि त्यातल्या एकीवर घडी घातलेली निळ्या काठाची गोधडी. मी पेपर तिच्यापुढे धरला. तिनं पाचवं पान उघडलं, दुरुस्ती वाचली, पुन्हा वाचली, पेपराची घडी करून गोधडीवर ठेवली. ताई, तुला माहीत आहे, समोरचं माणूस बोललं नाही की माझी जीभ वळवळते. तेवढ्यात मी घड्याळ पुढे केलं आणि म्हटलं, ‘बघ, मुक्ता, आज सगळ्यांच्या आधी आलो.’

तिनं मागे न बघता शेवटची स्कूटर ढकलली.

‘ही एका दिवसाची हवा झाली, मामा. हवामान नाही. खुर्च्या मांड.’